पाहुण्यांचे घर आणि घरातली बाई

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुटी लागली की आपल्यापैकी पुष्कळजणी मुलाबाळांना घेऊन चार दिवस समुद्रकाठी जाऊन येतात. अलिबाग, दिवेआगर, हर्णै, गुहागर, मालवण, तारकर्ली, कुठंही जा. वाडीच्या फाटकावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसतेच. सकाळी गरम घावन, दुपारी तांदळाची भाकरी, सोलकढी, रात्री मऊ भात. निघताना आपण तृप्त होऊन म्हणतो, ‘‘अगदी घरच्यासारखं वाटलं हो!’’

आज मला बोलायचं आहे ते हे ‘घरच्यासारखं’ जिच्या हातून घडतं त्या बाईविषयी. पाटीवर नाव बहुधा पुरुषाचं असतं, फोनही त्याच्याच नावावर. पण पहाटे उठून पाणी तापवण्यापासून रात्री शेवटचं पातेलं पालथं घालेपर्यंतचा सारा कारभार तिचा. ‘घरगुती’ हा शब्द दिसायला किती साधा! पण या एका शब्दात तिचे दिवसाचे चौदा-पंधरा तास दडलेले असतात, आणि ते कुणी मोजत नाही. बहुतेक वेळा तीसुद्धा नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. वहिनी गेली दहा-बारा वर्षं घराच्या मागच्या अंगाच्या खोल्या पाहुण्यांना देते. मी इथं अर्धा दिवस शाळेत शिकवते आणि सुटीत माहेरी गेले की तिच्या हाताखाली राबते. त्यामुळं या धंद्याची पुढची आणि मागची, दोन्ही दारं मला माहीत आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या मनात रिकामी खोली भाड्यानं द्यावी, चार माणसांची खानावळ काढावी असं असेल, तर त्यांनी हे जरूर वाचावं. आणि तसा विचार नसणाऱ्यांच्या घरीही पाहुणे येतातच की!

धंदा नवा नव्हे

पैसे घेऊन परक्याला जेवू घालणं ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार बिऱ्हाडाशिवाय राहत. त्यांची दोन वेळची जेवणं गिरणगावातल्या बायकांनी चालवलेल्या खानावळींत होत. या बायका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करत. पण त्यांना कुणी ‘धंदेवाली’ म्हणून ओळखत नसे. बँकेच्या दारात उभं राहण्याची सोय नव्हती, किराणा उधार आणि भांडवल सावकाराचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढं १९८२ च्या गिरणी संपानं गिरणगावाची घडीच मोडली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तेव्हा सिद्ध झाली, ती आजही उपयोगाची आहे. या बायकांना स्वयंपाक कुणी शिकवायला नको होता. त्यांना हवं होतं ते स्वतःच्या नावाचं खातं, आपल्या कष्टाचा हिशेब आणि पाठीशी चार जणी.

गोड बोलण्याचेही कष्ट असतात

वहिनीचं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे. एका मे महिन्यात, रात्री साडेअकराला चहाची फर्माईश पुरवून ती ओट्याशी टेकली आणि म्हणाली, ‘‘ताई, हात-पाय दुखतात त्याचं काही नाही गं. हे गाल दुखतात. दिवसभर हसून!’’

आपल्याला हसू येईल, पण यात मोठं तथ्य आहे. आर्ली होशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की मनात काहीही असो, चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हेदेखील श्रमच आहेत. त्यांना त्यांनी ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. त्याच्याही आधी, १९७४ साली, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं लोकांसाठी झटणाऱ्या माणसांत दिसणाऱ्या एका थकव्याचं वर्णन केलं. झोपून तो जात नाही, आवडीचं काम नकोसं होतं, माणसं नकोशी होतात, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. वात पूर्ण जळून जावी तसा हा थकवा.

हवाई सुंदरी निदान विमानातून उतरून घरी तरी जाते. पाहुण्यांचं घर चालवणारी बाई जाणार कुठं? तिचं घर हेच तिचं कामाचं ठिकाण. पाहुण्यासमोर हसायचं, आत येऊन मुलावर ओरडायचं, पुन्हा पदर सावरून हसत बाहेर जायचं. घरातल्या माणसांना मग तिचा उरलासुरला चेहराच दिसतो. म्हणून या धंद्यात पडणाऱ्या बाईनं पहिल्या दिवसापासून मनाशी एक गोष्ट पक्की करावी: अगत्य मनापासून करायचं, पण त्याला वेळ आणि हद्द दोन्ही असायला हवी.

एका खोलीची गोष्ट

हद्द म्हणजे काय, ते वहिनीच्याच घरचं उदाहरण देऊन सांगते. तिच्याकडं तेव्हा चार खोल्या भाड्यानं जात. त्यातली चौथी खरं तर माझ्या भाचीची. सीझन आला की पोरीनं आपली वह्या-पुस्तकं उचलून माजघरात यायचं, हा रिवाजच पडला होता. भाची दहावीला गेली. नाताळच्या सुटीत घर पाहुण्यांनी फुललेलं, माजघरात पाटावर पुस्तक ठेवून ती अभ्यास करतेय, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी डोकावून ‘गरम पाणी मिळेल का?’ विचारतंय. एके रात्री पोरगी आईला म्हणाली, ‘‘आई, आपल्या घरात आपलं असं काय आहे गं?’’

वहिनी त्या रात्री झोपली नाही. सकाळी तिनं दादाला सांगितलं, ‘‘ही खोली उद्यापासून पाहुण्यांना द्यायची नाही.’’ दादा कुरकुरला. ते साहजिकच होतं. ऐन सीझनमध्ये एक खोली बंद म्हणजे लक्ष्मीला दार लावणं! सासूबाईंनाही ते पटलं नाही. दोन दिवस घरात धुसफूस चालली. पण वहिनी ठाम राहिली. खोलीला आतून कडी लागली, आणि त्या घरात पहिल्यांदाच ‘इथं पाहुण्यांनी येऊ नये’ अशी एक जागा झाली.

मिळकत कमी झाली का? झाली. पण त्या एका खोलीमुळं घराचा सूर बदलला. दुपारी पाठ टेकायला वहिनीलाही तीच खोली झाली. म्हणून माझं सांगणं असं, की घर पाहुण्यांना उघडण्याआधी कुठली खोली कधीच उघडायची नाही, ते ठरवा. नंतर ठरवायला गेलं की भांडण होतं.

हातात पडलं ते सगळं आपलं नव्हे

आता पैशाकडं वळू. बी.ए.ला माझा विषय अर्थशास्त्र होता. त्याचा संसारात फारसा उपयोग झाला नाही, पण वहिनीचा हिशेब मांडताना झाला! एका पावसाळ्यात आम्ही दोघी वही घेऊन बसलो. आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे पडतील, रीत पाहा.

समजा, चहा-न्याहारीसह दोघांसाठी खोलीचं भाडं एका रात्रीला १,८०० रुपये. वहिनी न्याहारी-चहाचे १६० रुपये वजा करून म्हणायची, ‘‘बाकी सगळे सुटले.’’ पण आम्ही एकेक खर्च लिहीत गेलो. चादरी-टॉवेल धुण्याचे १२०. वीज आणि पाण्याचा पंप २००. साबण, फिनेल, झाडू वगैरे ४०. हाताखालच्या बाईचा वाटा २५०. रंगरंगोटी, गळकं छप्पर, मोडके नळ, फाटलेल्या चादरी यांच्यासाठी बाजूला २००. आणि मोबाईलवरच्या बुकिंग कंपनीमार्फत पाहुणा आला, तिची दलाली १५ टक्के धरली तर २७० रुपये. बेरीज झाली १,२४०. उरले ५६०!

तीन खोल्या वर्षातून प्रत्येकी १२० रात्री भरल्या, तर झाल्या ३६० रात्री. त्याचे २,०१,६०० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १६,८००. यात वहिनीची मजुरी धरायची राहिलीच आहे. ती मजुरी म्हणजेच हे पैसे!

हा आकडा पाहून वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी फुकट नाही राबत, पण स्वस्तात राबते.’’ त्या दिवसापासून तिनं तीन गोष्टी केल्या. पहिली, दर महिन्याला ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून स्वतःच्या खात्यात टाकायला लागली, मग सीझन असो की पावसाळा. दुसरी, जुन्या पाहुण्यांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवले आणि त्यांना थेट फोन करून यायला सांगितलं, दलाली वाचली. तिसरी, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातले दर वाढवले. ‘‘इतके?’’ म्हणणारे चार जण निघाले, पण खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत.

चार पैसे शिल्लक ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळी दारं बंद झाली. पाठोपाठ ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगडकडंही नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. पोफळ पुन्हा लावली तर धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. ज्यांनी ‘दुरुस्तीचे’ म्हणून पैसे बाजूला ठेवले होते, त्यांची घरं लवकर उभी राहिली.

‘नाही’ कसं म्हणायचं?

पाहुण्याला नाही म्हणणं आपल्या जिभेला जड जातं. लहानपणापासून तसं वळणच असतं. पण आपल्याच पूर्वजांनी ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी म्हणही करून ठेवली आहे! आदरातिथ्याला मर्यादा असते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

युक्ती अशी, की तोंडावर नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नये. नियम आधी सांगावेत, लिहून भिंतीवर लावावेत आणि त्याला जोडून सोय द्यावी. वहिनीनं ओसरीवर टेबल मांडून थर्मास, कप आणि पिण्याचं पाणी ठेवलं. आता ती हसून सांगते, ‘‘स्वयंपाकघर रात्री दहाला बंद होतं, पण चहा थर्मासमध्ये भरून ठेवलाय हं.’’ रात्रीची फर्माईश बंद, आणि पाहुणाही खूश. जेवणाचं सकाळी दहापर्यंत सांगावं, निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, खोली दुपारी बाराला मिळेल आणि सकाळी दहाला सोडावी, असे तिचे साधे नियम आहेत. मधले दोन तास खोल्या झाडायला मिळतात.

पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत यांत मुळीच भीड धरू नये. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडं ऑनलाइन कळवावी लागते. घरात बाई एकटी असेल त्या दिवशी अनोळखी पुरुषांचा घोळका घेऊ नये. पैसे बुडाले तर बुडू देत. आणि कुणी मोबाईलवर वाईट अभिप्राय लिहिलाच, तर त्याच रात्री उत्तर देऊ नका. सकाळी चहा झाल्यावर दोन ओळी सभ्यपणे लिहा आणि कामाला लागा.

स्वतःच्या तब्येतीचं काय?

दोन वर्षांपूर्वी वहिनीला जिना चढताना धाप लागू लागली. ‘उन्हाचं होतं’ म्हणून तिनं महिनाभर काढला. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ! बायकांत ते बारा तरी हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. दुसऱ्याला चारी ठाव जेवू घालणारी बाई स्वतः मात्र तीन वाजता, पातेल्यात उरलेलं, तेही उभ्या उभ्या खाते. हे आपल्याकडं घरोघर आहे. पाहुण्यांच्या घरात ते रोजचंच.

काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. पाहुण्यांची ताटं वाढण्याआधी स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवावं, म्हणजे भाजी ‘संपली’ असं होत नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळावं. हिरव्या पालेभाज्या, कुळीथ, अळीव, आणि चालत असेल तर मासळी पोटात जाऊ द्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्याव्यात. भाजी चिरणं, नारळ खवणं ही कामं बसून करावीत. सारखं उभं राहून पायांच्या शिरा फुगतात. दुपारी वीस मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून पडावं. ओल्या चादरींची बादली एकटीनं उचलू नये. आणि सीझनमध्येही आठवड्यातली एक दुपार पूर्ण आपली ठेवावी. जाऊन समुद्रावर बसा! लोक पैसे मोजून जो समुद्र पाहायला येतात, तो वहिनीनं म्हणे दोन वर्षं पाहिला नव्हता. घरापासून दहा मिनिटांवर!

पावसाळा हा शिकण्याचा ऋतू

जून ते सप्टेंबर पाहुणे कमी. या दिवसांत पापड-लोणची होतातच, पण धंद्यात पुढं जायचं तर शिकण्यासाठीही हाच काळ. जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथं मोफत प्रशिक्षण मिळतं. जेवण विकायचं तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणं लहान खानावळीलाही नोंदणी लागते. ती करताना स्वच्छतेचं आणि अन्न साठवण्याचं रीतसर शिक्षणही घ्यावं. प्रथमोपचार शिकावेत. दहा-वीस वाक्यं हिंदी-इंग्रजी सरावानं येतात. घरातली शाळकरी मुलं शिकवायला तयार असतात आणि त्यांना त्यात मजाही वाटते.

महाराष्ट्र सरकारच्या पर्यटन खात्यानं २०२३ साली ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत देण्याची तरतूद त्यात ठेवली आहे. अटी आणि कागदपत्रं यांची चौकशी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात करावी. पण पाहा, ‘बाईच्या मालकीच्या’ असं म्हटलं आहे. म्हणजे कष्ट तुमचे आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, तर याचा काही उपयोग नाही. नवऱ्याशी भांडून नव्हे, नीट बसून, समजावून, धंद्याची नोंदणी आपल्या नावे करून घ्यावी. नुकसान कुणाचंच नाही.

आणि एकटीनं सगळं करायचा हट्ट सोडावा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः वल्ही मारून त्या पाहुण्यांना तिवरांची माहिती सांगू लागल्या. घरात पाहुणे ठेवणारीनं अशा शेजारणींकडं आपले पाहुणे पाठवावेत, त्यांनी त्यांचे हिच्याकडं. वहिनीच्या आळीत आता पाच घरं मिळून काम करतात. एकीकडं जागा नसली की पाहुणा दुसरीकडं जातो, मोदक एकीच्या हातचे, मासळी दुसरीच्या. एकीच्या घरी आजारपण वा लग्नकार्य निघालं तर बाकीच्या तिचे पाहुणे वाटून घेतात. पूर्वी या पाचही जणी एकमेकींचे दर चोरून विचारत असत. आता एकत्र बसून ठरवतात.

आता शेवटी, पाहुणी म्हणून जाणाऱ्या तुम्हा-आम्हांसाठी चार शब्द. किती माणसं येणार, काय खाणार, हे आधी कळवा. रात्री उशिरा पोचणार असाल तर जेवून या. घासाघीस करायची असेल तर ती बाजारात करा. घरगुती जेवणाचा दर बाईच्या कष्टांतून काढू नका. ताटात टाकू नका. आणि निघताना पैसे मालकांच्या हाती दिलेत तरी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तिचं नाव विचारा, तिचा फोन नंबर घ्या. पुढच्या वेळी फोन तिलाच करा. बघा, कशी खुलते ती!